पोस्टग्रेस कनेक्ट होत नाहीये? कनेक्शन आणि लॉगिनच्या एररबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोट्या संस्थांचे डेटाबेस सांभाळणं हे माझं रोजचं काम: पतसंस्था, दवाखाने, ग्रंथालयं, दोन-चार दुकानं. बहुतेक ठिकाणी पोस्टग्रेसक्यूएल, थोडक्यात पोस्टग्रेस, हा डेटाबेस आहे आणि बहुतेक फोन एकाच वाक्याने सुरू होतात: 'डेटाबेस कनेक्ट होत नाहीये.' खालचे प्रश्न त्याच फोनांतून जमा झालेत. उत्तरं उबुंटू-डेबियनवरच्या पोस्टग्रेसला धरून आहेत. विंडोजवर फरक पडतो तिथे तसं सांगितलंय. फाइलींची, सेटिंगांची आणि कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीतच करायची.

एरर आला. सगळ्यात आधी काय करू?

एररचं वाक्य शेवटपर्यंत वाचा आणि तसंच्या तसं उतरवून ठेवा. फोनवर 'काहीतरी फेल्ड म्हणतोय' एवढंच कळलं तर मी आंधळ्यासारखी चाचपडत राहते, कारण सगळंच फेल झालेलं असतं. कुठे अडलंय ते त्या वाक्यातच लिहिलेलं असतं.

पोस्टग्रेसपर्यंतच्या वाटेवर एकामागून एक दारं आहेत. आधी सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता सापडायला हवा. नाही सापडला तर 'कुड नॉट ट्रान्सलेट होस्ट नेम'. मग त्या मशीनच्या पोर्टवर, म्हणजे ठरलेल्या क्रमांकाच्या दारावर, कुणीतरी ऐकत बसलेलं हवं. नसेल तर 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. मग सर्व्हर आपली पाहुण्यांची यादी, म्हणजे पीजी_एचबीए.कॉन्फ ही फाइल उघडतो. तुमचा नियम नसेल तर 'नो पीजी_एचबीए.कॉन्फ एन्ट्री'. मग ओळख पटवायची. तिथे 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड' किंवा 'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड'. हे सगळं पार पडल्यावर तुम्ही मागितलेला डेटाबेस आहे का, हे बघितलं जातं.

यातून एक फार कामाची खूण मिळते. एररमध्ये 'फेटल' हा शब्द दिसला तर ते वाक्य पलीकडच्या सर्व्हरने स्वतः पाठवलेलं असतं. म्हणजे नेटवर्क ठीक आहे, पोर्ट ठीक आहे, सर्व्हर जागा आहे. अशा वेळी फायरवॉलला हातसुद्धा लावू नका. पासवर्डचा एरर येत असताना फायरवॉल पूर्ण बंद करून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. पासवर्डचा प्रश्न सुटल्यावर ती फायरवॉल परत चालू करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतंय. सर्व्हर तर चालू आहे!

चालू आहे हे कशावरून ठरवलंत? उबुंटूवर सिस्टमसीटीएल स्टेटस पोस्टग्रेसक्यूएल असं विचारलं की हिरव्या अक्षरांत 'अॅक्टिव्ह' दिसतं आणि जीव भांड्यात पडतो. पण त्याच्या पुढे कंसात 'एक्झिटेड' असतं, ते वाचायचं राहून जातं. ती सर्व्हिस नुसती वरची छत्री आहे. खरी सर्व्हिस पोस्टग्रेसक्यूएल@१६-मेन अशा नावाची असते आणि ती पडलेली असली तरी छत्री हिरवीच दिसते. म्हणून पीजी_एलएसक्लस्टर्स ही कमांड द्या. त्यात प्रत्येक क्लस्टरची (म्हणजे त्या मशीनवरच्या पोस्टग्रेसच्या प्रत्येक स्वतंत्र सर्व्हरची) आवृत्ती, पोर्ट, 'ऑनलाइन' की 'डाउन', आणि लॉगची फाइल कुठे आहे, हे सगळं एका ओळीत येतं.

तिथेच दुसरं कारणही सापडू शकतं. नवी आवृत्ती टाकताना जुनी काढली नसेल तर ५४३२ हा पोस्टग्रेसचा नेहमीचा पोर्ट जुनीकडेच राहतो आणि नवी ५४३३ वर उभी राहते. तुम्ही नव्या आवृत्तीत डेटा भरलेला असतो आणि अॅप्लिकेशन जुन्याच दारावर जात राहतं.

क्लस्टर 'डाउन' असेल तर लॉगचं शेवटचं पान वाचा. बऱ्याचदा डिस्क भरलेली असते. डीएफ -एच करून बघा. इथे कळकळीची विनंती: जागा करायची म्हणून पीजी_वॉल या फोल्डरमधलं काहीही उडवू नका. नाव लॉगसारखं वाटत नसलं तरी जुन्या आवृत्त्यांत याच फोल्डरचं नाव पीजी_एक्सलॉग होतं, आणि 'लॉगच आहेत' म्हणून लोक ते रिकामं करायचे. त्या फाइली म्हणजे डेटाबेसचा ताजा जमाखर्च. त्या गेल्या की सर्व्हर उठतच नाही, किंवा उठला तरी आतल्या हिशेबाचा भरवसा राहत नाही. जुने बॅकअप दुसरीकडे हलवा, सिस्टमचे जुने लॉग काढा, डिस्क वाढवा. पण पीजी_वॉलला हात नको.

सर्व्हर खरंच चालू असेल आणि त्याच मशीनवरून कनेक्ट होतंय, पण दुसऱ्या मशीनवरून 'रिफ्यूज्ड' येतंय, असं असेल तर पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फमधलं लिसन_अॅड्रेसेस बघा. मुळात ते 'लोकलहोस्ट' असतं, म्हणजे सर्व्हर फक्त घरातल्यांचंच ऐकतो. तिथे सर्व्हरचा लॅनवरचा आयपी लिहा, किंवा सगळीकडून ऐकायचं असेल तर तारांकन (*). हे बदलल्यावर रीलोड पुरत नाही, रिस्टार्टच लागतो. मग एसएस -एलटीएनपी मारून ५४३२ समोर कोणता पत्ता दिसतो ते पाहा, १२७.०.०.१ च दिसत असेल तर बदल अजून लागू झालेला नाही.

'रिफ्यूज्ड' आणि 'टाइमआउट' यात फरक काय? दोन्हीत कनेक्ट तर होतच नाही.

'रिफ्यूज्ड' ताबडतोब येतं: तिकडच्या मशीनने 'इथे कुणी नाही' असं उत्तर दिलेलं असतं. 'टाइमआउट'मध्ये बराच वेळ काहीच होत नाही, कारण उत्तरच येत नाही. मध्ये कुठेतरी फायरवॉल तुमची पाकिटं गुपचूप टाकून देतंय, किंवा आयपीच चुकलाय. म्हणून टाइमआउट आला की यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल), राउटर आणि क्लाउडवर असाल तर सिक्युरिटी ग्रुप (तिथली फायरवॉल) बघा. पोस्टग्रेसच्या सेटिंगांत याचं उत्तर नसतं.

ऑफिसच्या इंटरनेटचा आयपी बदलल्यामुळे सोमवारी सकाळी हाच एरर येतो, हा अनुभव बऱ्याच जणांना असेल. शुक्रवारपर्यंतचा आयपी सिक्युरिटी ग्रुपमध्ये असतो आणि शनिवारी राउटर बंद-चालू झालेला असतो.

'द डेटाबेस सिस्टम इज स्टार्टिंग अप' असं म्हणतोय आणि थांबूनच राहिलाय.

लाइट गेली होती का? यूपीएसने दगा दिला की मशीन अचानक बंद पडतं आणि पुन्हा उठताना पोस्टग्रेस अर्धवट राहिलेली नोंद पूर्ण करून घेतो. त्याला वेळ लागतो. डेटाबेस मोठा आणि डिस्क जुनी असेल तर चांगलाच लागतो. थांबा. लॉग बघत राहा, त्यात 'रेडी टू अॅक्सेप्ट कनेक्शन्स' ही ओळ येईल. घाईघाईने किल -९ मारून पुन्हा सुरू केलंत तर तेच काम पहिल्यापासून सुरू होतं.

'नो पीजी_एचबीए.कॉन्फ एन्ट्री फॉर होस्ट…' म्हणजे काय, आणि ती एन्ट्री कशी करायची?

एचबीए म्हणजे होस्ट-बेस्ड ऑथेंटिकेशन. कोण, कुठून, कोणत्या डेटाबेसला आणि कोणत्या पद्धतीने ओळख पटवून येऊ शकतो, याची ही यादी. पोस्टग्रेसमधली सगळ्यात जास्त गैरसमज झालेली फाइल हीच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एररचंच वाक्य समोर ठेवा. त्यात होस्ट, युजर आणि डेटाबेस अशी तीन नावं दिलेली असतात आणि शेवटी 'नो एन्क्रिप्शन' किंवा 'एसएसएल एन्क्रिप्शन' असं लिहिलेलं असतं (एसएसएल म्हणजे मधे कुणाला वाचता येऊ नये असं सांकेतिक कनेक्शन). सर्व्हरला तुम्ही कसे दिसताय, ते हेच. आपण वाटतो तसे दिसत नाही, हे इथे कळतं. समजा लेखा विभागाचं मशीन १९२.१६८.१.१५ आहे, पण एररमध्ये १७२.१७.०.१ दिसतंय, म्हणजे मध्ये डॉकरचं (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) नेटवर्क आहे आणि सर्व्हरला डॉकरचा पत्ता दिसतोय. नियम एररमधल्या पत्त्यासाठी लिहायचा, मनातल्या पत्त्यासाठी नाही.

नियमाची एक ओळ अशी असते: आधी प्रकार, मग डेटाबेस, युजर, पत्ता आणि पद्धत. उदाहरणार्थ 'होस्ट, सभासद, लेखापाल, १९२.१६८.१.०/२४, स्क्रॅम-शा-२५६', मधे स्वल्पविराम न देता मोकळी जागा सोडून. 'लोकल' हा प्रकार त्याच मशीनवरच्या युनिक्स सॉकेटसाठी (नेटवर्कशिवायचं आतलं दार), 'होस्ट' हा नेटवर्कवरून येणाऱ्यांसाठी आणि 'होस्टएसएसएल' हा फक्त एसएसएलवरून येणाऱ्यांसाठी. शेवटी 'नो एन्क्रिप्शन' दिसत असेल आणि तुमच्या यादीत सगळे 'होस्टएसएसएल' असतील, तर दार आहे पण तुम्ही एसएसएलशिवाय आलात. अॅमेझॉनच्या आरडीएस या क्लाउडवरच्या डेटाबेस सेवेत आवृत्ती १५ पासून एसएसएल मुळातच सक्तीचं आहे आणि तिथेही नेमका हाच एरर येतो. लोक नियम जोडायला निघतात, पण तिथे ती फाइल तुमच्या हातात नसतेच. क्लायंटला एसएसएलमोड रिक्वायर सांगितलं की काम होतं.

आता क्रम. पोस्टग्रेस वरून खाली वाचत येतो आणि जुळणारा पहिला नियम सापडला की तिथेच थांबतो. त्या नियमात ओळख पटली नाही तर खालच्या नियमावर जात नाही, सरळ नाही म्हणतो. त्यामुळे फाइलच्या तळाशी अगदी बरोबर ओळ जोडलीत, पण वर तुम्हाला लागू पडणारी दुसरी ओळ आधीच बसलेली आहे, तर तुमची ओळ कुणी वाचणारच नाही. वर 'रिजेक्ट' असेल तर एररसुद्धा वेगळा येतो, 'पीजी_एचबीए.कॉन्फ रिजेक्ट्स कनेक्शन', तेव्हा तोही शब्द नीट वाचा.

एक लहानशी गोष्ट फार छळते. 'लोकलहोस्ट' लिहिलं की बऱ्याच मशीनवर आधी आयपीव्ही६ चा पत्ता, म्हणजे ::१, पुढे येतो. कुणी साफसफाई करताना 'हे काय आहे' म्हणून ती ओळ यादीतून काढलेली असते आणि १२७.०.०.१ ची ओळ तेवढी ठेवलेली असते. एररमध्ये होस्ट म्हणून ::१ दिसलं की ती ओळ परत घाला.

फाइल बदलली तरी तोच एरर. का?

तीन शक्यता. रीलोड केलं नाही: सुपरयुजरने (सगळे हक्क असलेल्या युजरने) सिलेक्ट पीजी_रीलोड_कॉन्फ() चालवा, रिस्टार्टची गरज नाही. विंडोजवर ही फाइल नव्या कनेक्शनला आपोआप लागू होते. किंवा तुम्ही भलतीच फाइल बदललीत. शो एचबीए_फाइल विचारा, सर्व्हर खरा मार्ग सांगेल. किंवा फाइलमध्ये चूक आहे. चूक असेल तर रीलोडच्या वेळी सर्व्हर नवी यादी नाकारतो, जुनीच चालू ठेवतो आणि तक्रार फक्त लॉगमध्ये लिहितो. आवृत्ती १० पासून पीजी_एचबीए_फाइल_रूल्स हा व्ह्यू आहे. त्यातला एरर हा कॉलम बघितला की चुकलेली ओळ नंबरसकट सापडते. मी तर रीलोड करण्याआधीच तो बघते.

'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड फॉर युजर पोस्टग्रेस' आलं. पासवर्ड विचारलाच नाही!

विचारणारच नाही. 'पीअर' पद्धतीत पोस्टग्रेस लिनक्सला विचारतो, 'हा समोरचा तुझा कोण?' लिनक्सचा युजर आणि डेटाबेसचा युजर एकाच नावाचे असतील तरच आत घेतो. तुम्ही लिनक्सवर वेगळ्या नावाने बसून 'पोस्टग्रेस' म्हणून आत जायला बघताय. सुडो -यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल असं म्हणा (पीएसक्यूएल म्हणजे पोस्टग्रेसला कमांड द्यायचा प्रोग्राम). किंवा पासवर्डनेच जायचं असेल तर -एच लोकलहोस्ट द्या, म्हणजे सॉकेटऐवजी नेटवर्कच्या दाराने जाल आणि तिथे 'होस्ट'चा नियम लागेल.

पोस्टग्रेस युजरसाठीची 'पीअर' ओळ तशीच राहू द्या. रात्रीचे बॅकअप आणि देखभालीची कामं त्याच दाराने जातात.

पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, तरी 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड'. आता काय?

हा एरर मुद्दामच मोघम ठेवलेला आहे. त्या नावाचा युजर नसला तरी हेच, पासवर्ड चुकला तरी हेच, पासवर्ड कधी दिलाच नसला तरी हेच, आणि व्हॅलिड अंटिलची, म्हणजे पासवर्डच्या मुदतीची, तारीख उलटून गेली तरी हेच. बाहेरून चाचपणाऱ्याला कोणती नावं खरी आहेत ते कळू नये म्हणून. पण सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याच एररखाली 'डिटेल' अशी ओळ असते आणि तिथे बहुतेक वेळा खरं कारण लिहिलेलं असतं: 'रोल डझ नॉट एक्झिस्ट' (रोल म्हणजे डेटाबेसचा युजर), 'हॅज नो पासवर्ड असाइन्ड', 'हॅज अॅन एक्सपायर्ड पासवर्ड' किंवा 'पासवर्ड डझ नॉट मॅच'. शिवाय एचबीए फाइलची कितवी ओळ लागू झाली तेही. लॉग /व्हार/लॉग/पोस्टग्रेसक्यूएल या फोल्डरात सापडेल. तो बघितल्याशिवाय पासवर्ड बदलायला घेऊ नका, नाहीतर एक बंद पडलेलं होतं ते दुरुस्त करताना चालू असलेली तीन बंद पडतील.

'डझ नॉट मॅच' असेल, किंवा यातलं कुठलंच कारण लिहिलेलं नसेल, तर टाइप होणारा पासवर्ड खरोखर तोच आहे का, हे तपासायचं. एका पतसंस्थेतला प्रसंग सांगते. तिथल्या ताई दिवसभर सभासदांची नावं मराठीत भरतात. एका संध्याकाळी त्यांना अहवालासाठी पीएसक्यूएल उघडायचं होतं. पासवर्ड पाच वेळा टाकला, पाच वेळा नाकारला. त्या रडकुंडीला आल्या होत्या, कारण पासवर्ड वहीत त्यांच्याच अक्षरात लिहिलेला होता. मी म्हटलं, 'ताई, तोच पासवर्ड जरा नोटपॅडमध्ये टाइप करा आणि काय दिसतंय ते वाचा.' पलीकडे दोन क्षण शांतता, आणि मग 'अहो, हे तर मराठीत उमटतंय!' कीबोर्ड इनस्क्रिप्टवर राहिला होता. पीएसक्यूएल पासवर्ड टाइप करताना ठिपकेसुद्धा दाखवत नाही, त्यामुळे काय उमटतंय ते कळायला मार्गच नव्हता. मराठीत काम चालणाऱ्या कुठल्याही ऑफिसात मी आता हे आधी विचारते.

पासवर्ड व्हॉट्सअॅपवरून कॉपी केला असेल तर शेवटी चिकटून आलेली स्पेस शोधा. फोनवर टाइप करून पाठवलेला असेल तर पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल झालंय का, आणि साधं अवतरण चिन्ह वळणदार झालंय का तेही बघा.

पासवर्ड यूआरएलमध्ये लिहिला असेल तर त्यातली खास चिन्हं घात करतात. @ असेल तर त्याच्या पुढचं सगळं होस्टचं नाव समजलं जाऊ शकतं आणि मग एरर पासवर्डचा न येता होस्ट सापडत नसल्याचा येतो. @ च्या जागी %४० आणि # च्या जागी %२३ लिहा. नोडवाल्यांना 'क्लायंट पासवर्ड मस्ट बी अ स्ट्रिंग' असा एरर आला तर पासवर्ड चुकलेला नसतो, तो मिळालेलाच नसतो: एन्व्ह फाइल (पासवर्डसारखी सेटिंगं ठेवलेली फाइल) लोड झालेली नाही.

आणि युजरचं नाव नुकतंच बदललंय का? पासवर्ड जुन्या एमडी५ पद्धतीने ठेवलेला असेल तर त्यात युजरचं नाव मिसळलेलं असतं, म्हणून नाव बदललं की पासवर्ड पुसला जातो. तो नव्याने द्यावा लागतो.

'ऑथेंटिकेशन टाइप १० इज नॉट सपोर्टेड' हे काय प्रकरण आहे?

तुमचा ड्रायव्हर, म्हणजे अॅप्लिकेशनच्या वतीने पोस्टग्रेसशी बोलणारा भाग, जुना आहे. पासवर्ड तपासण्याची स्क्रॅम-शा-२५६ ही पद्धत पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १० बरोबर, २०१७ साली आली आणि २०२१ च्या आवृत्ती १४ पासून नवे पासवर्ड मुळातच तिच्यात ठेवले जातात. जावाचा ड्रायव्हर ४२.२.० च्या आधीचा असेल तर त्याला ही भाषा येत नाही. पायथनमध्ये याच दुखण्याचा एरर 'स्क्रॅम ऑथेंटिकेशन रिक्वायर्स लिबपीक्यू व्हर्जन १० ऑर अबव्ह' असा दिसतो.

सर्व्हर मागे ओढून एमडी५ वर नेऊ नका, ड्रायव्हर पुढे आणा. आवृत्ती १८ पासून एमडी५ पासवर्ड कालबाह्य ठरवले गेलेत आणि पुढे ते काढलेच जाणार आहेत.

उलट दिशेने जाताना, म्हणजे एमडी५ वरून स्क्रॅमवर येताना, क्रम सांभाळा. आधी पासवर्ड_एन्क्रिप्शन हे सेटिंग बदला, मग प्रत्येक युजरचा पासवर्ड नव्याने द्या, आणि शेवटी एचबीए फाइलमधला एमडी५ हा शब्द बदला. एचबीएमध्ये 'एमडी५' असताना स्क्रॅमचे पासवर्ड चालतात; पण 'स्क्रॅम-शा-२५६' असताना एमडी५ चे चालत नाहीत. आधी फाइल बदलली तर एका झटक्यात सगळे बाहेर.

पोस्टग्रेस युजरचाच पासवर्ड विसरलोय.

'पीअर' ओळ शाबूत असेल तर काहीच बिघडलेलं नाही: सुडो -यू पोस्टग्रेस पीएसक्यूएलने आत जा आणि बॅकस्लॅश-पासवर्ड या कमांडने नवा द्या. आल्टर रोल लिहून दिलात तर पासवर्ड हिस्टरीत आणि कदाचित लॉगमध्येही उघडा राहतो.

विंडोजवर मात्र एचबीए फाइलमध्ये १२७.०.०.१ आणि ::१ च्या ओळींपुढे थोडा वेळ 'ट्रस्ट' लिहावं लागतं. पासवर्ड बदलला की ताबडतोब पूर्ववत करा. 'उद्या करतो' म्हणू नका.

मग 'ट्रस्ट'च कायमचं का ठेवू नये? सगळे एरर जातात.

जातात, कारण तपासणीच जाते. 'ट्रस्ट' म्हणजे जो स्वतःला सुपरयुजर म्हणवेल त्याला सुपरयुजर म्हणून आत घ्यायचं. त्यात पत्ता ०.०.०.०/० ठेवला तर जगातल्या कुणालाही. उघडे ५४३२ पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात, आणि सुपरयुजर पोस्टग्रेसमधून सर्व्हरवरच्या कमांडसुद्धा चालवू शकतो. त्या डेटाबेसमध्ये कुणाच्या ठेवी आहेत, कुणाच्या आजारांच्या नोंदी आहेत. ऑनलाइन मिळालेल्या उत्तरात ही ओळ दिसली तर ती कॉपी करू नका, एवढं माझं ऐका.

'रोल डझ नॉट एक्झिस्ट' म्हणतोय, पण मीच तयार केलाय!

नावातलं कॅपिटल अक्षर तपासा. क्रिएट युजर म्हणून नाव अवतरणाशिवाय लिहिलं की पोस्टग्रेस ते सगळं लहान अक्षरांत करून ठेवतो. लॉगिन करताना मात्र तुम्ही लिहाल ते अक्षरशः घेतो. 'रोल इज नॉट परमिटेड टू लॉग इन' आलं तर तुम्ही क्रिएट रोल वापरलंत. त्याला लॉगिनचा हक्क आपोआप मिळत नाही. आल्टर रोल करून लॉगिन द्या.

आणि 'डेटाबेस डझ नॉट एक्झिस्ट'मध्ये तुमच्याच नावाचा डेटाबेस दिसत असेल तर -डी द्यायचं राहिलंय. डेटाबेसचं नाव नाही दिलं की पीएसक्यूएल युजरचंच नाव धरतो.

डॉकरमध्ये पासवर्ड बदलला तरी जुनाच का मागतो?

पोस्टग्रेस_पासवर्ड हे व्हेरिएबल डेटाचं फोल्डर रिकामं असतानाच, पहिल्या वेळी वाचलं जातं. नंतर कंपोज फाइलमध्ये (डॉकरच्या सेटिंगांच्या फाइलमध्ये) कितीही बदला, आतला पासवर्ड तोच राहतो. तो आत जाऊन बॅकस्लॅश-पासवर्डने बदला. 'डाउन -व्ही केलं की होतं' असं कुणी सांगेल. होतं, कारण व्हॉल्यूमसकट, म्हणजे डेटा ठेवलेल्या जागेसकट, सगळा डेटाच जातो.

कंटेनरच्या आत जाऊन पीएसक्यूएल चालवलं आणि पासवर्ड चालला, यावर विसंबू नका. अधिकृत इमेजमध्ये आतल्या कनेक्शनला 'ट्रस्ट' असतो, कुठलाही पासवर्ड चालतो. खरी परीक्षा बाहेरून.

अॅप्लिकेशनही कंटेनरमध्ये असेल तर त्याच्यासाठी 'लोकलहोस्ट' म्हणजे तो स्वतः. होस्ट म्हणून कंपोजमधलं सर्व्हिसचं नाव द्या, आणि पोर्ट आतला, म्हणजे ५४३२, बाहेर ५४३३ ला जोडलेला असला तरी.

'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी'. मॅक्स_कनेक्शन्स वाढवू का?

लगेच नको. मुळात मर्यादा १०० ची असते, त्यातली ३ सुपरयुजरसाठी राखीव. प्रत्येक कनेक्शनमागे सर्व्हरवर एक स्वतंत्र प्रोसेस उभी राहते आणि मेमरी खाते, त्यामुळे आकडा हजारावर नेणं म्हणजे दुखणं पुढे ढकलणं. त्या राखीव जागेतून आत जा आणि पीजी_स्टॅट_अॅक्टिव्हिटी या चालू कनेक्शनांच्या यादीत स्टेटप्रमाणे मोजून बघा. ऐंशी-नव्वद 'आयडल' दिसली तर कुठलंतरी अॅप्लिकेशन कनेक्शन उघडतंय आणि बंद करत नाही. 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' असतील तर जास्त वाईट, कारण ती कुलपंही धरून बसलेली असू शकतात. कोड दुरुस्त होईपर्यंत आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट लावा, आणि कायमचा उपाय म्हणून मध्ये पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शनं अनेकांत वाटून देणारा प्रोग्राम) बसवा.

पीजीबाउन्सर असेल तर एक लक्षात ठेवा: त्याची युजरलिस्ट.टीएक्सटी ही स्वतःची यादी असते. ६४३२ वरून लॉगिन होत नाही पण ५४३२ वरून होतं, असं दिसलं तर पासवर्ड एकीकडे बदललाय आणि दुसरीकडे राहिलाय.

हाताने बॅकअप होतो, रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या प्रोग्राममधून) मात्र पासवर्ड मागून थांबतो.

.पीजीपास या पासवर्ड साठवलेल्या फाइलची परवानगी बघा. ०६०० पेक्षा सैल असेल तर ती वाचलीच जात नाही. क्रॉन कोणत्या युजरखाली चालतो तेही बघा. फाइल त्याच्या होम फोल्डरात हवी. तिच्यात 'लोकलहोस्ट' लिहिलंय आणि स्क्रिप्टमध्ये १२७.०.०.१ असेल तर जुळत नाही, अक्षर न् अक्षर सारखं लागतं. पासवर्डमध्ये विसर्गचिन्हासारखा कोलन असेल तर त्याच्या आधी बॅकस्लॅश द्या. आणि स्क्रिप्टमध्ये पीजी_डंपला -डब्ल्यू हा पर्याय लहान लिपीतला द्या, म्हणजे पासवर्ड मागत ताटकळण्याऐवजी तो एरर देऊन बाहेर पडेल आणि सकाळी कळेल तरी.

जेवून आल्यावर पहिली क्वेरी फेल होते, दुसरी चालते.

मधल्या राउटरने किंवा फायरवॉलने निवांत पडलेलं कनेक्शन तोडलेलं असतं. लिनक्स पहिला कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे हे सांगणारा छोटा संदेश) ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी पाठवतो. क्लायंटमध्ये कीपअलाइव्ह्ज_आयडल ६० करा.

लॉगिन झालं, पण 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक'.

हे लॉगिनचं दुखणं नाही. २०२२ च्या आवृत्ती १५ पासून पब्लिक स्कीमामध्ये (स्कीमा म्हणजे डेटाबेसमधला टेबलांचा कप्पा) टेबल बनवायचा हक्क सगळ्यांना आपोआप मिळत नाही. डेटाबेसच्या मालकाकडून ग्रँट घ्या, किंवा अॅप्लिकेशनसाठी वेगळी स्कीमा करा; मला दुसरं जास्त पटतं.

एवढं करूनही सुटलं नाही. मदत मागताना काय पाठवू?

एररचं पूर्ण वाक्य, त्याच वेळच्या लॉगमधल्या 'डिटेल'सकटच्या ओळी, पोस्टग्रेसची आणि ड्रायव्हरची आवृत्ती, आणि एचबीए फाइलमधल्या टिपा वगळून उरलेल्या ओळी. कनेक्शनची स्ट्रिंग पाठवलीत तर पासवर्डच्या जागी फुल्या करा. घाईत खरा पासवर्ड ग्रुपवर गेलाच, तर मेसेज डिलीट करून थांबू नका, तो पासवर्ड लगेच बदला आणि मगच पुढचं बोला.